काकांची साक्ष

“मी कधी गेलो?” बाबांनी विचारलं आणि पेपर टेबलावरून पुढे सरकवला.

‘शहरात येत्या आठवड्यात’ या सदरात, जादूचे प्रयोग आणि ‘दातांची निगा’ या व्याख्यानाच्या मधोमध, कवीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : ‘शनिवारी संध्याकाळी खरंखुरं या कार्यक्रमात तरुण कवीची दिवंगत वडिलांवरची गाजलेली कविता.’ फोटो कुठल्याशा लग्नातला होता, कडेने कापलेला. कवीच्या खांद्यावर एक हात तेवढा शिल्लक राहिला होता. तो दिवंगत वडिलांचा होता.

“मागच्या वर्षी,” कवी म्हणाला.

“कशाने?”

“आजारपण. हॉस्पिटलात.”

“फार त्रास झाला का?”

“थोडा.”

बाबांनी मान हलवली आणि चहात बिस्कीट बुडवलं. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. माणूस मधेच अडकला की आपण आवाज चढवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. शिवाय आई गेल्यापासून या घरात एवढं लांबलचक बोलणं पहिल्यांदाच होत होतं. ते मोडायचं दोघांच्याही जिवावर आलं.

‘खरंखुरं’ चालवणाऱ्या दाढीवाल्याचा एकच नियम होता. मंचावर फक्त आपल्या घरात घडलेलं बोलायचं. घरचं माणूस ऐकायला आलेलं असेल, तर शेवटी त्याला वर बोलावून विचारायचं, हे खरं का? खोटं निघालं तर शहरातल्या एकाही माईकपाशी तुम्हाला कुणी उभं करत नसे. कवीने आधी ‘बाबा बोलत नाहीत’ ही कविता वाचली होती. तिला एक जांभई मिळाली. पुढच्या वेळी त्याने कवितेत बाबांना मारून टाकलं, आणि पहिल्या रांगेने रुमाल काढले. त्यानंतर बाबांना परत आणणं त्याच्या हातात राहिलं नाही.

“तुम्ही येऊ नका,” तो म्हणाला. “लोक विचारतील, हे कोण.”

“काका म्हणून सांग.”

“तुम्हाला भाऊ नाहीये.”

“मी गेल्यावर कुणीतरी नको का तुझं बघायला?”

शनिवारी बाबा टोपी घालून आले. काका वेगळे दिसायला हवेत, म्हणून टोपी. दारातच दाढीवाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“तुमच्या भावाचं फार वाईट झालं.”

“हो ना,” काका म्हणाले. “माणूस चांगला होता. बोलायचा कमी.”

एका अनोळखी बाईने त्यांना स्वतःची पाण्याची बाटली देऊन टाकली. पहिल्या कवितेला लोक टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवू लागले, तेव्हा काकांनी तिला हळूच विचारलं, कुणाचं कुत्रं हरवलंय का.

मग कवी उभा राहिला. कविता तोंडपाठ होती, पण पहिल्या रांगेतली टोपी दिसली आणि त्याने पहिली ओळ दोनदा म्हटली. खिडकीजवळची खाट. बंद करा म्हटलं तरी फिरत राहणारा पंखा. बाबा सारखे दाराकडे बघतात. बाबा म्हणतात, कुणी भेटायला येईल रे, माझे केस विंचर.

तिथे तो थबकला. इतक्या वेळा वाचूनही हे वाक्य त्याला कधी खटकलं नव्हतं. समोर बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दिव्याखाली डोकं चकाकलं. कवीच्या जन्माआधीपासून त्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईचं मरण त्याने बाबांच्या नावावर केलं होतं, कारण आईच्या नावाने ते वाचताच येत नव्हतं. बाकी सगळं बदललं, केसांचं एवढं एक बदलायचं राहिलं. त्या सकाळी तिच्याजवळ तो एकटाच होता. बाबा खाली औषधांच्या रांगेत उभे होते. पिशवी घेऊन ते वर आले तोवर आटोपलं होतं. त्यांनी विचारलं नाही. याने सांगितलं नाही.

कविता त्याने कशीबशी पार पाडली. दाढीवाल्याने काकांना वर घेतलं. त्यांच्या डोक्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

“काका, हे खरं का?”

चुटकीसुद्धा वाजली नाही. कवीने मंचाच्या कडेला उभ्याउभ्याच खिसे चाचपले, त्यांत काहीही नसताना.

“खरं आहे,” काका म्हणाले. “मी तिथे नव्हतो. पण खरं आहे.”

“तुम्ही नव्हतात, मग कशावरून?”

“केसांवरून.”

लोकांना वाटलं, हीसुद्धा कविताच. खोलीभर चुटक्या वाजल्या. दाढीवाल्याने डोळे पुसले आणि काकांना पुढच्या महिन्याची तारीख देऊन टाकली.

नंतर दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले. लोक काकांच्या पाठीवर हात ठेवून एकेक करत पांगले. शेवटची स्कूटर निघून गेली.

“चला, बाबा,” कवी म्हणाला.

“काका.”

“आता इथे कुणी नाहीये.”

“म्हणूनच.” त्यांनी टोपी पुन्हा चढवली, पार कपाळापर्यंत. “बाबाला सांगणं तुला जमलं नाही. तुला विचारणं त्याला जमलं नाही. गेला बिचारा, त्याचं सोड.” त्यांनी समोरच्या बंद दुकानाकडे तोंड वळवलं. “काकाला सांग. वेणी घातलीस का तिची?”