मधले दहा

दुष्काळानं दूध संस्था ओस पडली, तेव्हा कारकून शमीमनं कॉम्प्युटरवर आयुष्यातला पहिलाच प्रोग्राम लिहिला: मनातलं ओळखणारा खेळ. तो सुरू करते तोच दगडाबाई संस्थेची किटली परत द्यायला आली. "म्हैस आटली, चारा न्हाई. इकायची आता." "मावशी, आधी मनात एक आकडा धरा," शमीम पडद्यावरचं वाचू लागली. "दुप्पट करा. दहा मिळवा. निम्मे करा. धरलेला आकडा वजा करा." दगडाबाईनं बोटांची पेरं मोजली. पडद्यावर उमटलं, 'पाच उरले.' "आगं बया, बराबर! पर म्या तर शून्य धरलतं." शमीम चपापली. शून्य घालून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. "शून्यातून पाच कसं निघालं?" दगडाबाईनं विचारलं. "मधे दहा घातले ना," शमीम म्हणाली. दगडाबाईनं किटली पुन्हा काखेत मारली. "मग चेअरमनला म्हणावं, दहा पेंढ्या कडबा घाल. म्हैस गाभण हाय माझी."