परत केलेल्या गोळ्या

"किती गोळ्या झाडल्यास?" सेइकिचींनी विचारलं.

जेवणारे थांबले. कुनिहिको जपानच्या शांतिपथकाबरोबर गेला होता, तो कालच सहा महिन्यांनी कंबोडियाहून परतला होता, आणि भरदुपारी अख्खी आळी त्याच्यासाठी जमली होती. सेइकिची स्वतः तरुणपणी युद्धावर गेलेले. पण बंदुकीचा विषय त्यांनी घरात कधी काढला नव्हता.

"एकही नाही, बाबा. मोजून दिल्या होत्या, मोजून परत केल्या."

शेजारचा ओगासावारा हसला. "लढायचं नाही असं आपल्या राज्यघटनेतच लिहिलंय. ह्यांना सैनिक म्हणायचीसुद्धा चोरी. बंदूक शोभेला, फावडं कामाला."

"फावडंच उपयोगी पडलं, काका. पूल बांधत होतो. वीसेक बंदूकवाले आले, ट्रक द्या म्हणाले. जिवावर बेतल्याशिवाय गोळी चालवायची आम्हाला परवानगी नाही. माझ्या हाताखालची पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती."

"मग?"

"बंदूक पाठीवर टाकली आणि अर्धा पूल दाखवला. पलीकडे त्यांचंच गाव. म्हटलं, ट्रक नेलात तर पूल इथेच संपला. म्होरक्या बराच वेळ उभा राहिला, मग निघून गेला. पुढच्या महिन्यात त्याच पुलावरून सायकलने गेला. मागे बायको बसली होती."

"नशीब तुझं," ओगासावारा पुटपुटला.

सेइकिचींनी हातातला पेला खाली ठेवला. "गेलात किती?"

"माझ्या तुकडीत अठ्ठावीस."

"आलात किती?"

"अठ्ठावीस."

"आम्ही ब्रह्मदेशात एकशे ऐंशी होतो," सेइकिची ओगासावाराकडे वळून म्हणाले. "होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या झाडल्या. परतलो चौघं. हरून."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पोराकडे बघत त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले.

"बान्झाई."

गावातली पोरं युद्धावर निघाली की स्टेशनवर घुमायचा तो जयघोष. पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा हात वर केले. आता सून उठली, मागोमाग शेजारी उठले.

तिसऱ्या वेळी खिडकीची तावदानं थरथरली. ओगासावाराचेही हात वर होते.