रिकामी आलेली टोपली

टोपली रिकामी आली.

मुथेऊने ती उलटी करून झटकली. तळाला हात फिरवून पाहिला. एक दाणासुद्धा नाही.

"स्योम्बुआने काय सांगितलं?" तिने विचारलं.

टोपली घेऊन आलेली वायुआ पाण्याला निघाली होती. दारातूनच म्हणाली, "काही नाही, आजी. 'मुथेऊला दे' एवढंच." आणि मान लांब करून आत डोकावली. "अगंबाई! रिकामी?"

"तू तुझं पाणी भर जा."

वायुआ गेली. तिचा डबा भरायच्या आत ही बातमी नदीतल्या झिऱ्यावर सगळ्यांना कळणार, हे मुथेऊला ठाऊक होतं.

त्या डोंगरावर कुणी कुणाची टोपली रिकामी परत करत नसे. मुथेऊ आणि स्योम्बुआ दोघी एकाच वर्षी लग्न होऊन तिथे आल्या, एक चढाच्या वर, एक खाली. घायपाताची ही टोपली मुथेऊने पहिल्या बाळंतपणात विणली. तेव्हापासून ती या घरातून त्या घरात जात होती. दुष्काळात स्योम्बुआने तिच्यातून चिंचा पाठवल्या होत्या. टोळधाडीच्या वर्षी भाजलेले टोळ. स्योम्बुआचा नवरा गेला त्या आठवड्यात तिच्या घरात काहीच नव्हतं, तेव्हा पानात गुंडाळलेलं एक अंडं आलं होतं. रिकामी टोपली कधीच नाही.

आणि या खेपेला मुथेऊने काय पाठवलं होतं? नव्या पिकाचा मका! नातवंडांच्या तोंडी लागायच्या आधी स्योम्बुआला, दर वर्षीसारखा. यंदा पाऊस काढणीपर्यंत रेंगाळला होता आणि शेतातून कणसं चोरीला जात होती, म्हणून तिने मका ओलसर असतानाच घरात आणला आणि गोण्या पलंगाखाली सरकवल्या. जुना मका काल संपला. आज पहिल्यांदाच नवा मका कांडून, टरफलं काढून, घेवड्याबरोबर तिने चुलीवर चढवला होता.

मुथेऊने जळती लाकडं ओढून काढली. त्यांच्यावर पाणी ओतलं.

"म्हणजे आज जेवण नाही?" नात कावाताने विचारलं. तिला आजी पाठ होती.

"भांड्याला कुणी हात लावायचा नाही. आधी तिला विचारून येते, मी तिचं काय घोडं मारलंय ते!"

टोपली काखेत मारून ती चढ चढली. गुडघे कुरकुरत होते, पण राग त्यांच्या पुढे धावत होता. वाटभर ती एकेक शिवी निवडून ठेवत गेली.

स्योम्बुआ दारात बसली होती. सुजलेल्या पायाला फडकं बांधलेलं. मुथेऊला पाहताच म्हणाली, "आलीस? दम खा. मग शिव्या दे."

"दम कसला खाऊ? म्हातारपणी लाज विकून खाल्लीस? त्या बोंबल्या वायुआच्या हाती रिकामी टोपली धाडतेस?"

"ओरड, ओरड. पण आधी सांग, चूल पेटलेली आहे का घरी?"

"विझवून आलेय! तुझ्यापायी पोरं उपाशी बसलीत माझी."

स्योम्बुआने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

एवढा आरडाओरडा झाला तरी कुत्रा भुंकला नाही, हे मुथेऊच्या आत्ता ध्यानात आलं. "चुई कुठाय गं?"

स्योम्बुआने उंबराखाली बोट दाखवलं. तिथली माती ताजी उकरलेली होती.

"पायामुळे गिरणीवर जाता येईना. अख्खे दाणे मला चाववत नाहीत. मग तुझा मका उकडून त्यालाच घालत राहिले. आधी खाणं सोडलं त्याने. मग डोळे पिवळे झाले. आज पहाटे गेला."

तिने मूठ उघडली. फोडलेले दाणे होते. वरून पांढरे, आत हिरवट भुकटी.

पलीकडच्या खोऱ्यात माणसंही अशीच पिवळी पडून गेली होती. गावच्या सभेत दवाखान्याच्या माणसाने बुरशी लागलेल्या मक्याबद्दल बजावून सांगितलं होतं. त्या सभेतून मुथेऊ एकच वाक्य बोलत घरी आली होती, "लोकांचा असेल तसला मका, माझा नाही."

पलंगाखालच्या गोण्या मुथेऊच्या डोळ्यांपुढे आल्या. वर्षाचं अन्न. आणि चुलीवरचं ते भांडं.

"मग वायुआकडे निरोप द्यायचा होतास."

"तिच्याकडे? मुथेऊचा मका कुत्री मारतो, हे आधी झिऱ्यावर कळलं असतं आणि मागून तुला. आणि तू? 'माझ्या मक्याला नावं ठेवते काय' म्हणून पहिला घास स्वतः खाऊन दाखवला असतास."

मुथेऊने काखेतली टोपली खाली ठेवली.

स्योम्बुआने टोपली जवळ ओढली. मागच्या वाळक्या भोपळ्याच्या मोठ्या भांड्यातून ती तिच्यात बाजरी ओतू लागली. "ही शिजव पोरांना. पुढचं पुढे बघू. माझी तूर यायचीच आहे अजून. त्या गोण्या उद्या पुरून टाकू, पण खड्डा तू खणायचास. मी बसून सांगणार."

"तू जन्मभर बसूनच सांगत आलीस," मुथेऊ म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग एकदम तिला आठवलं. "पण रिकामी का गं? दोन दगड तरी टाकायचेस आत. काळजात धस्स झालं माझ्या."

"मला तुझा राग हवा होता," टोपली काठोकाठ भरत स्योम्बुआ म्हणाली. "नवी नवरी होतीस तेव्हापासून बघतेय तुला. रागावलीस की तू सगळ्यात आधी चूल विझवतेस."