सारसाची मान

पहिलं पाणी.

साबणाचं. ज्योत्स्नानं टेबलावर आडव्या ठेवलेल्या रंगीत काचांच्या खिडकीवर मगभर पाणी ओतलं, हलक्या हातानं फडकं फिरवलं. सारसाच्या पांढऱ्या मानेवरचा डाग गेला नाही. मधे तपकिरी, कडेनं जांभळा.

काचा जोडणाऱ्या कथलाच्या रेघा काळ्या करायचं औषध लावलं, की लगेच धुवावं लागतं. राहिलं तर काचेला डाग धरतो. तिचे सासरे तुलाराम रोज संध्याकाळी धूत. नजर गेल्यापासून रोज कुठंतरी राहून जाई. सकाळी ते उठायच्या आत ती पुसून टाकी. वर्ष झालं, कोणाला न सांगता. परवा ती एकोडीला माहेरी गेली आणि दोन रात्री राहून आज पहाटे परतली.

दहाला, हे काम दिलेला केवळराम आसगावहून गाडी घेऊन खिडकी न्यायला येणार. तिथल्या शाळेच्या वाचनालयाची खिडकी, वारलेल्या गुरुजींच्या नावाची.

दुसरं पाणी.

खायच्या सोड्याचं. घासण्याचा आवाज झाला.

"काय घासून राहिली बेटा इतकं?" तुलाराम दारात उभे.

"धूळ होती मामाजी."

"मी त काल धुतली."

"हो ना. चकाचक आहे."

"मंग घासतं कायले?"

तिनं फडकं बाजूला ठेवलं. ते चाचपत टेबलाशी आले. जन्मभर पितळेची भांडी जोडलेलं बोट काचेवरून निघालं. "इथं रेघ जाड झाली," म्हणाले. खरंच झाली होती. बोट मानेवर चढलं, डागावरून गेलं, पुढं गेलं. परत आलं, पुन्हा गेलं. रेघ बोटाला लागते. डाग लागत नाही.

"साफ आहे," ते हसले. "केवळराम खूश होते पाय."

तिसरं पाणी.

नाही. ते तिनं घेतलंच नाही. पाण्याचा मग खाली ठेवला.

नऊ वर्षांत पाया पडण्याशिवाय तिनं सासऱ्यांना हात लावला नव्हता. आता तिनं त्यांचं बोट धरलं आणि मानेवर नेऊन टेकवलं.

"इथं."



"केवढा?"

"चिचोक्याएवढा."

"निघत नाई?"

"नाई."

"अन् आधीचे?"

ती फडकं पिळू लागली.

"लय होते?"

"मोजले नाई मी, मामाजी."

त्यांनी बोट उचललं नाही. "फोन लाव केवळरामले," म्हणाले.

तिनं लावून दिला.

"केवळराम, आज नको येऊ. मान बदलवा लागते... चार दिवस... नाई गा, मी नाई. सून करते." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. तुलाराम ऐकत राहिले. "तुले गुरुजीचं काम पायजे का माह्या हातचं पायजे?"

फोन ठेवला. खिशातून रबरी हातमोजे काढले, तिच्यासमोर धरले. तिनं घातले. कथील वितळवायची सोल्डरिंगची सळई तापली. पहिली रेघ वितळली, धूर दोघांच्या मधून वर गेला.

"कुठवर आली?"

"चोचीखाली."

तिनं सळई काचेवरून उचलली. ते त्यांना दिसत नव्हतं. काचेची बारीक हालचाल थांबल्याचं मात्र टेबलावरच्या त्यांच्या तळहाताला कळलं असावं.

"काच फुटली त फुटली," तुलाराम म्हणाले. "तू थांबू नको."