थांबवलेली ओळ

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात सकाळपासून एकच तक्रार होती: जवळची गाडी सोडून लांबची पाठवली जातेय. प्रोग्रामरने गाड्या पाठवणाऱ्या, पायथनमधल्या प्रोग्रामला डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम ओळीओळीने अडवून चूक शोधणारं साधन, लावला आणि संशयाच्या ओळीवर त्याला थांबवलं.

काळ्या पडद्यावर एक कॉल अडकून राहिला. मुलगी, वय सहा, श्वास लागलाय. चाचणीसाठी नमुना बरा दिलाय, असं मनाशी म्हणत तो एकेक ओळ पुढे सरकत गेला, प्रत्येक आकडा तपासत. शेवटी चूक हाती लागली. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली होती.

"सापडलं, ताई!" तो ओरडला.

फोन घेणाऱ्या ताई धावतच आल्या. "अरे, बारा मिनिटं झाली, एकही गाडी हललेली नाही! तू चाचणीच्या कॉपीवरच काम करतोयस ना?"

त्याने पडद्याच्या कोपऱ्यातलं सर्व्हरचं नाव वाचलं: ते चाचणीच्या कॉपीचं नव्हतं, खऱ्या, चालू यंत्रणेचं होतं. कसेबसे आकडे जागच्या जागी करून त्याने थांबवलेला प्रोग्राम पुन्हा चालू केला.

"निघाली गाडी, ताई. त्या सहा वर्षांच्या मुलीकडे. अगदी जवळची."

 

"तिच्या आईचा आत्ताच परत फोन आला होता," ताई म्हणाल्या. "आता घाई करू नका म्हणाली."