आईचा टॅब

ओढणी कपाळापर्यंत ओढली, पेन्सिलीनं भुवया काढल्या आणि मी गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. केमो सुरू झाल्याचं माहेरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचा टॅब स्वस्तातला. सारखा अडकायचा आणि माणसं पुसट दाखवायचा. त्या पुसटपणावरच माझं निभावत होतं.

"आई, टाक आता हे डबडं," तिच्यामागून धाकटा भाऊ म्हणाला. "उद्या चांगला टॅब आणतो. ताई अगदी समोर बसल्यासारखी दिसेल."

मी ओढणी आणखी पुढं ओढली.

"नको रे," आई घाईघाईनं म्हणाली. "मला ती एवढीच दिसू दे."

तो बाहेर गेला. मग टॅब तोंडाजवळ आणून तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं?"