हाई लिखेल नही शे

"इथून दाबून वाजव," प्रेमराज म्हणाला. "त्याने गळा धरला की ढोल सुरू. ती पडेपर्यंत थांबायचं नाही."

भूपेंद्रने मान हलवली. जळगावात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवता वाजवता त्याला हा पहिला सिनेमा मिळाला होता. पडद्यावर संगीतकार म्हणून एकट्याचं नाव येणार होतं. असोद्याजवळच्या केळीच्या बागेत एका मुलीचा खून होतो, एवढीच गोष्ट. प्रेमराज लेखक आणि दिग्दर्शक. खुनी झालेला योगराज हा निर्मात्याचा मुलगा. मरणारी मुलगी पिंपळनेरची दिपमाला, धुळ्यात साड्यांच्या दुकानात कामाला असलेली. सिनेमा पुण्या-मुंबईला दाखवायचा म्हणून प्रेमराजने तिच्याकडून शुद्ध मराठी घोटून घेतली होती. 'आहे'च्या जागी एखादा अहिराणी 'शे' तोंडातून निघाला की तो अख्खा प्रसंग पुन्हा करायला लावायचा.

काम भूपेंद्रला आवडू लागलं होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. संगीत काढून टाकलं की योगराज केळीच्या आडून हरवलेली चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा डोकवायचा. खाली खर्जातला एक सूर नुसता धरून ठेवला, की त्याच बागेत पाऊल टाकायची भीती वाटायची. पान हललं तरी छातीत धस्स व्हायचं. सूर हळूच चढवायचा, मध्येच तोडायचा, बघणाऱ्याला नीट श्वास घेऊ द्यायचा नाही. इतकं सोपं होतं ते.

ढोल बसवण्याआधी त्याने हेडफोन लावून शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज ऐकला. पानांची सळसळ. दिपमालाची पाठ केलेली वाक्यं, शाळेत उभं राहून म्हणावीत तशी स्वच्छ. मग झटापट. मग घशातून कसाबसा बाहेर आलेला एक वेगळाच आवाज.

"भाऊ, सोड... हाई लिखेल नही शे."

हे लिहिलेलं नाही. प्रेमराजच्या कागदावर नाही. भूपेंद्रच्या घरची बोली तीच होती, त्याला अर्थ लावावा लागला नाही. नाटक करताना ती शुद्ध बोलत होती. आता ती स्वतः बोलत होती. पाठोपाठ कॅमेऱ्याजवळून प्रेमराजचा हलका आवाज आला. थांबू नको योगू, मस्त चाललंय. पुढे बराच वेळ नुसता घशाचा आवाज होता.

त्याने ते प्रेमराजला ऐकवलं. प्रेमराज केळीचे वेफर्स खात होता. ऐकतानाही त्याचं तोंड थांबलं नाही. योगराजचा हात जरा जड पडला, मानेवर वळ उठले, नंतर तिला मलम आणून दिलं, असं त्याने आपणहून सांगितलं. खरी भीती काही शिकवून येत नाही, असंही म्हणाला. मग तेलकट बोटं की-बोर्डवरच्या फडक्याला पुसली.

"ते झाकायलाच तर ढोल मागतोय, भूप्या."

भूपेंद्र ते फडकं मोरीत टाकून आला, हात धुऊन आला, तरी तो वास जाईना. पोलिसांत जाणं, चारचौघांत भांडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दिपमालाचा नंबर त्याच्याकडे होता. पण फोन करून असं विचारायचं कसं? त्याला जमण्यासारखी एकच गोष्ट होती. त्या प्रसंगातलं संगीत त्याने सगळं काढून टाकलं. ढोल नाही, सूर नाही. नुसती बाग, तिचा आवाज आणि प्रेमराजचं ते 'थांबू नको'. ऐकल्यावर लोक उठतील, जाब विचारतील, याची त्याला खात्री होती.

सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळी त्याने तो प्रेमराजच्या हवाली केला. प्रेमराज फ्लेक्स लावण्यात आणि पाहुण्यांचे हार मोजण्यात गुंतला होता. त्याने तो लावूनही पाहिला नाही.

हॉल भरला होता. धुळ्याहून, चोपड्याहून लोक आले होते. योगराजने गळा धरला आणि संगीत तुटलं. हॉल गप्प झाला. प्रेमराज खुर्चीत ताठ झाला. मग तो घशातला आवाज आला, तो हात, ते शब्द.

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

मग सगळीकडून शिट्ट्या आल्या, आणि त्यांत प्रेमराजचं 'थांबू नको' बुडून गेलं. पडद्यावर अचानक आपली बोली ऐकून लोकांना भरून आलं होतं. पोरं बाकावर उभी राहिली. पाहुणे म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी नंतर भाषणात खास तेवढं वाक्य काढलं. मरण माझ्या नशिबात लिहिलेलं नाही, असं ती मुलगी म्हणते, त्या तीन-चार शब्दांत केवढं दुःख आहे, ते म्हणाले. आणि नेमकं तिथेच संगीत थांबवणाऱ्या संगीतकाराला त्यांनी उभं राहायला लावलं. योगराजने पहिल्या रांगेतून वाकून नमस्कार केला. प्रेमराजने भूपेंद्रला मिठी मारली आणि कानात सांगितलं की आधी त्याचा जीवच गेला होता, पण पुढच्या भागात अशी चार-पाच वाक्यं टाकायचीच.

व्हरांड्यात चहा चालला होता. दिपमालाची आई भागाबाई डोळे पुसत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, पोरगी आपली बोली कशी झोकात बोलली, बठ्ठास्नी, अगदी सगळ्यांनी, कशी ऐकली. टाळ्या वाजवून तिचे तळहात लाल झाले होते.

दिपमाला भिंतीला टेकून उभी होती. ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेली. कुणी फोटो मागितला की ती हसत होती. गर्दी सरल्यावर भूपेंद्र जवळ गेला. ढोल मुद्दाम आपणच काढला, लोकांना ऐकू जावं म्हणून, असं तो अडखळत म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात.

"भाऊ, इतला दिन माले वाटे, कोनी आयकंच नही," ती म्हणाली. "आते बठ्ठास्नी आयकं."